ध्वनिमुद्रिका-वेष्टन : संगीतप्रकारानुसार रचना व जाहिरात

ध्वनिमुद्रित संगीताची तबकडी, कॅसेट किंवा सीडी सुरक्षित राहावी, तिच्यातील संगीताची ओळख पटावी व ती विकत घेण्याची इच्छा व्हावी, या तिहेरी हेतूने तयार केलेल्या आवरणास ध्वनिमुद्रिका-वेष्टन म्हणतात. तबकडीच्या मध्यावरील गोल लेबल, कागदी पाकीट, पुठ्ठ्याचे वेष्टन, कॅसेटच्या डबीतील घडीचा कागद व सीडीसोबतची पुस्तिका ही त्याची प्रमुख अंगे होत. सूचिपत्रके, वृत्तपत्रांतील जाहिराती व दुकानांतील भित्तिपत्रके यांत बहुधा वेष्टनावरचेच चित्र व अक्षरवळण वापरले जात असल्याने त्यांचाही विचार येथे केला आहे.

पुस्तक घेण्यापूर्वी त्याची पाने चाळता येतात, कापड हाताने पारखता येते. ध्वनिमुद्रिका मात्र पुष्कळदा न ऐकताच घ्यावी लागे. त्यामुळे वेष्टन हे ग्राहकाला दिलेल्या वचनासारखे असते. या वचनाची दोन अंगे आहेत. चित्र, रंग व अक्षरवळण यांमधून संगीताचा प्रकार सुचविला जातो, हे पहिले अंग. गायक, कवी, संगीतकार, राग, ताल, साथीदार आणि प्रकाशनवर्ष यांचा लेखी तपशील हे दुसरे. पहिल्याचा उपयोग मुख्यतः विक्रीच्या क्षणी होतो. दुसऱ्याची गरज त्यानंतर अनेक वर्षे, कधी कधी कलावंताच्या हयातीनंतरही, राहते. या दोन अंगांतील तोल माध्यमागणिक कसा बदलत गेला, हा वेष्टनकलेच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

लेबल व सूचिपत्रके : एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये सपाट तबकडीची पद्धती शोधून काढली. सुरुवातीच्या तबकड्यांवर गायनाचा तपशील थेट कोरलेला असे. १९०० च्या सुमारास कागदी लेबले वापरात आली. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्ता येथे ध्वनिमुद्रणे केली व तेथून भारतातील ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायास चालना मिळाली. मूळ मुद्रणे तबकड्या काढण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठविली जात. तेथील कामगारांना भारतीय गायक ओळखू यावेत म्हणून गाण्याच्या अखेरीस गायकाने स्वतःचे नाव उच्चारण्याची पद्धत पडली. गौहरजान यांची अशी उद्घोषणा विशेष प्रसिद्ध आहे. लेबलावर छापावयाचा मजकूर अशा रीतीने गाण्यातच सामावलेला असे. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदा येथे कारखाना सुरू झाल्यावर तबकड्या भारतातच तयार होऊ लागल्या.

दर मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या २५ सेंमी. व्यासाच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. ती साध्या कागदी पाकिटात विकली जाई व पाकिटाच्या मध्यावरील गोल छिद्रातून लेबल दिसे. पाकिटावर गायकाची नव्हे, तर कंपनीची, तिच्या यंत्रांची व सुयांची जाहिरात असे. भजन असो, ठुमरी असो की नाट्यपद, पाकीट बहुधा एकच राही. फ्रान्सिस बरॉ यांचे कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र ग्रामोफोन कंपनीने १८९९ मध्ये विकत घेतले होते. तेच पुढे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या नावाने कंपनीचे बोधचिन्ह झाले आणि खेडोपाडी ‘कुत्रा छाप’ रेकॉर्ड या नावाने ओळखले जाऊ लागले.

संगीतप्रकार दर्शविण्याचे काम या काळात लेबलावरील दोनतीन ओळी व सूचिपत्रके यांच्याकडे होते. महाराष्ट्रात याचा लाभ विशेषतः नाट्यसंगीताला झाला [→ नाट्यसंगीत]. कृ. प्र. खाडिलकर यांच्या संगीत मानापमान (१९११) व संगीत स्वयंवर (१९१६) या नाटकांतील पदे प्रेक्षकांना रंगभूमीवरून अगोदरच ठाऊक होती. लेबलावर बालगंधर्वांचे (१८८८–१९६७) नाव व नाटकाचा उल्लेख एवढे असले, की ग्राहकाच्या डोळ्यांपुढे सारा रंगमंच उभा राही. चित्राची उणीव प्रेक्षकाची स्मृतीच भरून काढीत असे. भावगीताची स्थिती निराळी होती. त्याच्यामागे नाटक नव्हते, कविता होती. १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता ग. ना. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली व ती अत्यंत लोकप्रिय ठरली. त्यानंतर गायकाइतकेच कवीचे नावही ओळखीचे साधन झाले. जोशी पुढे १९३८ मध्ये याच कंपनीत दाखल झाले. ज्या गाण्याची ओळख शब्दांतून पटते, त्याच्या वेष्टनावर कवीचे नाव येणे हे शिष्टाचारापेक्षा व्यवहाराचेही होते.

चित्रमय वेष्टनाचा उदय : अमेरिकेतील कोलंबिया कंपनीचे चित्रकार ॲलेक्स स्टाइनवाइस यांनी १९४० च्या सुमारास अनेक तबकड्यांच्या संचांसाठी चित्रमय मुखपृष्ठे तयार केली. १९४८ मध्ये याच कंपनीने दीर्घवादी, म्हणजे एल.पी., ध्वनिमुद्रिका विक्रीस आणली. तिच्या ३० सेंमी. व्यासामुळे चित्रकाराला सुमारे ३१ सेंमी. लांबीरुंदीचा चौरस पुठ्ठा मिळाला व संगीतप्रकारागणिक दृश्यशैली निर्माण होऊ लागल्या. ब्लू नोट या कंपनीने जॅझ संगीतासाठी फ्रान्सिस वुल्फ यांची कृष्णधवल छायाचित्रे आणि रीड माइल्स यांची ठसठशीत अक्षररचना यांचा मेळ घातला. डॉइच ग्रामोफोन कंपनीची पिवळी चौकट ही पाश्चात्त्य अभिजात संगीताची खूण ठरली. बीटल्स गायकवृंदाच्या १९६७ मधील ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ या ध्वनिमुद्रिकेच्या मलपृष्ठावर गीतांचे शब्द छापले गेले आणि वेष्टन हे वाचनाचेही साधन झाले.

भारतात एल.पी.चा सर्वाधिक लाभ रागसंगीतास झाला. पूर्वी तीन मिनिटांत कोंबावा लागणारा ख्याल आता एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक काळ मांडता येऊ लागला. वेष्टनाचा एक ठरावीक साचाही तयार झाला : पुढे तंबोऱ्यासह किंवा वाद्यासह कलावंताचे छायाचित्र, मोठ्या अक्षरांत त्याचे नाव, त्याखाली रागांची नावे, मागे घराणे, गुरुपरंपरा, राग, ताल व साथीदार यांविषयीची टिपण. ही टिपणे बहुधा इंग्रजीत असत, ही त्यांची मर्यादा होती. तथापि रागसंगीताच्या अनेक श्रोत्यांचे प्राथमिक शिक्षण या मलपृष्ठांवरच झाले. वेष्टनाच्या दोन्ही अंगांतील तोल या काळात उत्तम साधला गेला होता, असे म्हणता येईल.

दृश्यसंकेतांची मुळे : संगीतप्रकाराला अनुरूप चित्र म्हणजे काय, याचे उत्तर केवळ स्वरांत सापडत नाही. भैरवीला स्वतःचा असा कोणताही रंग नाही. श्रोता ते संगीत कोठे, कोणत्या प्रसंगी व कोणासमवेत ऐकतो, यावरून त्याचे दृश्यसंकेत ठरतात. नाट्यसंगीताच्या वेष्टनावर शालू व दागिने ल्यालेली नायिका किंवा रंगमंचाचा पडदा येतो. भावगीताच्या वेष्टनावर चंद्र, वेली व सुलेखनातील शीर्षक. अभंगाच्या वेष्टनावर विठ्ठलमूर्ती, वीणा, टाळ व भगव्या पताका. शास्त्रीय संगीताच्या वेष्टनावर मैफलीची बैठक.

या संकेतांचा पुरवठा करणारी चित्रपरंपरा महाराष्ट्रात आधीच सिद्ध होती. १८९४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या रविवर्मा मुद्रणालयाच्या शिळाछाप चित्रांनी देवादिकांची रूपे घरोघर पोहोचविली. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी कोल्हापुरात चित्रपटांची भित्तिपत्रके रंगविली. दीनानाथ दलाल (१९१६–७१) व रघुवीर मुळगावकर (१९१८–७६) यांनी नियतकालिकांच्या मुखपृष्ठांतून मराठी वाचकाची नजर घडविली. गुलबर्गा येथे जन्मलेले सां. मो. पंडित (१९१६–९३) यांनी चित्रपटांची जाहिरातचित्रे व पौराणिक विषयांवरील दिनदर्शिका-चित्रे यांत नाव मिळविले. ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांनी नवी भाषा घडविण्यापेक्षा ही परिचित भाषाच पुढे चालविली. ग्राहकाला ती शिकावी लागत नव्हती, हे तिच्या यशाचे कारण होय.

कॅसेटयुग : फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट प्रचारात आणली. भारतात तिचा खरा प्रसार १९८० नंतरच्या दशकात झाला. ध्वनिमुद्रणाचा व प्रती काढण्याचा खर्च उतरल्याने लहान कंपन्यांनाही या धंद्यात उतरता आले व प्रादेशिक बोलींतील, जातिसमूहांतील आणि पंथांतील संगीत प्रथमच मोठ्या प्रमाणावर बाजारात आले. या स्थित्यंतराचा अभ्यास पीटर मॅन्युअल यांनी कॅसेट कल्चर (१९९३) या ग्रंथात केला आहे.

वेष्टनाच्या दृष्टीने मात्र जागा एकदम आक्रसली. कॅसेटच्या डबीत बसणाऱ्या कागदाचा दर्शनी भाग सुमारे १० सेंमी. लांब व साडेसहा सेंमी. रुंद असतो, एल.पी.च्या मुखपृष्ठाचा तो जेमतेम पंधरावा हिस्सा होय. कागदाचे तीन भाग पडतात : दर्शनी भाग, कणा व मागची घडी. दुकानाच्या फळीवर कॅसेटी उभ्या किंवा आडव्या रचल्या असता फक्त कणा दिसतो, म्हणून त्यावरील अक्षरे ठळक असावी लागतात. दर्शनी भाग चारपाच हातांवरून ओळखू आला पाहिजे; त्यामुळे एकच मोठा चेहरा किंवा एकच मूर्ती, भडक पार्श्वभूमी आणि जाड कडांची अक्षरे अशी रचना रूढ झाली. मागच्या घडीवर गीतांची यादी दिली, की साथीदारांच्या नावांना जागा क्वचितच उरे.

लावणीच्या उदाहरणावरून या साच्याचे दोष स्पष्ट होतात. लावणीचे सादरीकरण एकाच प्रकारचे नसते. ढोलकीच्या फडावरील लावणीत नृत्य व ढोलकीचा ठेका यांना प्राधान्य असते. बैठकीच्या लावणीत गायिका बसून गाते आणि मुद्राभिनय व स्वरांच्या फिरतीतून अर्थ उलगडते. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांची कीर्ती या दुसऱ्या प्रकारावर आधारलेली आहे. सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) यांनी तर लावणी अंगभर पदर घेऊन केवळ आवाजाच्या बळावर लोकप्रिय केली. असे असूनही लावणी म्हटली की नऊवारी नेसलेली, चाळ बांधलेली, गिरकी घेणारी नर्तकी हेच चित्र वेष्टनांवर रूढ झाले. यातून विक्री साधली. पण बैठकीची लावणी शोधणाऱ्या श्रोत्याला वेष्टन मार्गदर्शन करीनासे झाले आणि न ऐकणाऱ्यांचा या कलेविषयीचा ग्रह अधिकच एकांगी झाला. संगीतप्रकाराला अनुरूप वेष्टन आणि त्या प्रकाराविषयीच्या रूढ समजुतीला अनुरूप वेष्टन या दोन भिन्न गोष्टी आहेत.

भीमगीतांच्या वेष्टनांत याउलट प्रक्रिया दिसते. वामनदादा कर्डक (१९२२–२००४), विठ्ठल उमप (१९३१–२०१०), प्रल्हाद शिंदे (मृ. २००४) आदींनी गाजविलेल्या आंबेडकरी गीतपरंपरेच्या कॅसेटींवर निळा रंग, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची प्रतिमा, अशोकचक्र, बुद्धमूर्ती, दीक्षाभूमी किंवा चैत्यभूमी ही चिन्हे येत. ती बाजाराने लादलेली नव्हती. चळवळीनेच घडविलेली होती. नागपूरची दीक्षाभूमी व दादरची चैत्यभूमी येथील मेळाव्यांत पुस्तके व प्रतिमा यांच्या शेजारीच या कॅसेटी विकल्या जात. त्यामुळे वेष्टन ही विक्रीची खूण असतानाच स्वाभिमानाचीही खूण ठरे.

सीमाभागातील प्रश्न : वेष्टन कोणत्या लिपीत असावे, हा प्रश्न महाराष्ट्र–कर्नाटक सीमेवर विशेष निकडीचा होतो. सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे गाव या दृष्टीने उदाहरणादाखल घेता येईल. तेथे कन्नड व मराठी या दोन्ही भाषा चालतात. एका बाजूस १८७८ मध्ये समाधिस्थ झालेल्या स्वामी समर्थांचे अक्कलकोट, दुसरीकडे सीमेपलीकडील दत्तक्षेत्र गाणगापूर, जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी सिद्धेश्वराचे देवस्थान व पश्चिमेस पंढरपूर, असा हा टापू आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहीर राम जोशी हेही सोलापूरचेच. येथील श्रोत्याच्या कानावर अभंग, दत्ताची पदे, लावणी, बसवेश्वरादी शरणांची वचने आणि हरिदासांची पदे एकाच परिसरात पडू शकतात.

अशा ग्राहकासाठी वेष्टन तयार करताना चित्र हीच समाईक लिपी ठरते. गुडघ्यावर हात ठेवून बसलेल्या स्वामी समर्थांची मुद्रा, त्रिमुखी दत्त, विटेवर उभा विठ्ठल किंवा हाती इष्टलिंग घेतलेले बसवेश्वर ही रूपे देवनागरी वाचणाऱ्यास व कन्नड वाचणाऱ्यास सारखीच ओळखू येतात. परंतु चित्र केवळ देवता सांगते; संगीतप्रकार व भाषा सांगत नाही. गदग येथे जन्मलेले भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांनी मराठी अभंग व कन्नड दासपदे दोन्ही गायिली. दोन्हींचे उपास्य दैवत पुष्कळदा विठ्ठलच असते. पुरंदरदासांची मुद्रिकाही ‘पुरंदर विठ्ठल’ अशी आहे. दोन्ही वेष्टनांवर विठ्ठल व भीमसेनांचे छायाचित्र असेल, तर तुकारामांचे अभंग कोणते व पुरंदरदासांची पदे कोणती, हे अक्षरांवरूनच समजावे लागते. मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–९२) हे रागसंगीत व कन्नड वचने या दोहोंसाठी प्रसिद्ध होते; केवळ छायाचित्रावरून त्यांच्याही ध्वनिमुद्रिकांतील भेद कळत नाही. म्हणून द्विभाषिक प्रदेशात शीर्षक, गायक, संतकवी व भाषा एवढ्या चार गोष्टी तरी दोन्ही लिपींत देणे इष्ट असते. कण्यावर एक लिपी व दर्शनी भागावर दोन्ही, अशी विभागणी केल्यास अपुऱ्या जागेतही हे साधू शकते.

जाहिरात : वेष्टन वस्तूसोबत असते, तर जाहिरात ग्राहकाला वस्तूपर्यंत आणते. बंगालमध्ये दुर्गापूजेच्या सुमारास नव्या गीतांच्या पुस्तिका काढण्याची प्रथा होती. महाराष्ट्रात गणेशोत्सव, आषाढी–कार्तिकी यात्रा, दिवाळी व गावोगावच्या जत्रा हे विक्रीचे हंगाम होत. १९५२ पासून सिलोन नभोवाणीवरील ‘बिनाका गीतमाला’ या कार्यक्रमाने गाणे हीच गाण्याची जाहिरात असते, हे सिद्ध केले. १९६७ मध्ये विविध भारतीवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या. जत्रेतील दुकानदाराचा कर्णा हे याच तत्त्वाचे ग्रामीण रूप होय. येथेही प्रकारानुरूप भेद पडतो. शास्त्रीय संगीताची जाहिरात कलावंताच्या नावावर व घराण्यावर, चित्रपटसंगीताची चित्रपटावर, भक्तिसंगीताची देवतेवर व तिथीवर आणि लोकसंगीताची प्रसंगावर आधारलेली असते. परिणामी भक्तिसंगीत व लोकसंगीत यांत कलावंत दुय्यम ठरण्याची शक्यता सर्वाधिक असते.

नामोल्लेखाचा प्रश्न : १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमात १९८४ मध्ये घातलेल्या ५२अ या कलमानुसार ध्वनिमुद्रिकेवर व तिच्या आवरणावर ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव व पत्ता, प्रतिलिप्यधिकाराच्या स्वामीचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष देणे आवश्यक आहे. हा तपशील मुख्यतः चोरट्या प्रतींना आळा घालण्यासाठी आहे. त्यात गायक, कवी किंवा वादक यांचा समावेश नाही. सादरकर्त्या कलावंतांच्या हक्कांस १९९४ च्या दुरुस्तीने बळकटी आली आणि २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्ता म्हणून आपली ओळख दिली जावी असा नैतिक हक्क त्यांना मिळाला. सादरीकरणाच्या वापराच्या स्वरूपामुळे नाव देणे शक्य नसेल, तर मात्र त्यास अपवाद आहे. ढोलकी, दिमडी, तुणतुणे किंवा संबळ वाजविणाऱ्या वादकाचे नाव वेष्टनावर नसेल, तर त्याच्या कलेचा लेखी पुरावा बहुधा अन्यत्र कोठेही नसतो. म्हणून वेष्टनावरील एक ओळ ही संगीताच्या इतिहासाची साधनसामग्री होय. मुंबईतील सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स (स्था. १९९०) या संस्थेच्या कार्याने जुन्या ध्वनिमुद्रिका, लेबले व सूचिपत्रके यांचे हे मोल अभ्यासकांच्या नजरेस आणून दिले आहे.

अंकीय काळ : १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीसोबतच्या १२ सेंमी. चौरस पुस्तिकेत तपशिलाला पुन्हा जागा मिळाली. आंतरजालावरून थेट संगीत ऐकण्याची सोय झाल्यावर मात्र वेष्टन हे दूरध्वनीच्या पडद्यावरील बोटभर चित्र बनले. मलपृष्ठ उरलेच नाही. ग्राहकाला आता गाणे अगोदर ऐकता येते. त्यामुळे चित्राने दिलेल्या वचनाचे महत्त्व काहीसे घटले आहे. लेखी तपशिलाचे महत्त्व त्याच प्रमाणात वाढले आहे. कारण नावानेच शोध घेतला जातो आणि ज्याचे नाव नोंदलेले नाही, तो कलावंत शोधात सापडत नाही. जुन्या कॅसेटींतील गाणी अंकीय स्वरूपात आणताना केवळ दर्शनी चित्राची प्रत घेऊन मागची घडी टाकून दिल्यास असलेलीही नावे नाहीशी होतात. यास्तव अशा संग्रहांत लेबल, कणा व मागची घडी यांची छायाचित्रे ध्वनीसोबतच जतन करणे आवश्यक ठरते.

वेष्टनाचे यश विक्रीवरून मोजले जाते, हे स्वाभाविक आहे. तथापि संगीताला अनुरूप असे वेष्टन तेच म्हणता येईल, की ज्याच्या दर्शनी भागावरून नव्या श्रोत्याला गाण्याचा प्रकार ओळखता येतो आणि ज्याच्या मागील बाजूवरून जाणत्या श्रोत्याला ते कोणी रचले, कोणी गायिले व कोणी वाजविले, हे पन्नास वर्षांनंतरही कळू शकते.